चित्रात नसलेली टपरी

२६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, वह्यांना कव्हरं घालून व्हायची असतात आणि तेवढ्यात पोस्टर स्पर्धेची सूचना येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सभागृहात लांबच लांब सतरंज्या अंथरून त्यांवर चित्रं मांडली होती. पावसाळी हवेत पोस्टर कलर नीट वाळले नव्हते. कागदांचे कोपरे वळत होते, म्हणून कुणीतरी त्यांवर कंपासपेट्या ठेवल्या होत्या. मी एका टोकाकडून बघत निघाले आणि पहिली ओळ संपायच्या आतच वाटायला लागलं, की आपण एकच चित्र पुन्हा पुन्हा बघतो आहोत.

काळी पार्श्वभूमी, मधोमध कवटी. कवटीच्या दातांत सिगारेट आणि तिच्या धुराचा झालेला फास. कुठे सिरिंजला वेटोळं घालून बसलेला साप, कुठे बाटलीच्या आत बुडणारा माणूस, कुठे बेड्यांत अडकलेले दोन हात. अक्षरं लाल, त्यांच्यातून ओघळणारे रक्ताचे थेंब. मुलांचा हात चांगला होता. कवट्यांचं शेडिंग तर फार मन लावून केलं होतं.

सातवी-आठवीच्या मुलांनी कवटी पाहिलेली असते ती विजेच्या डीपीवर. खाली दोन हाडं, वर ‘सावधान’, शेजारी व्होल्टचा आकडा. ती पाटी तिचं काम चोख करते, कारण तिला एकच गोष्ट सांगायची असते: हात लावू नकोस. हात लावून बसलेल्या माणसाला सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसतं. तिच्या हिशेबात तो माणूस संपलेला असतो. हीच कवटी व्यसनाच्या पोस्टरवर आली, की तीही त्याच हिशेबाने बोलते. ज्याने अजून हात लावलेला नाही त्याला ती दूर ठेवू पाहते, आणि जो रोज पुडी फोडतो आहे त्याला सांगते, की तू गेलास. ज्या घरात असा माणूस आहे त्या घरातलं मूल हे पोस्टर रंगवतं तेव्हा ते कोणाची कवटी रंगवत असतं, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आला आणि मग तो गेलाच नाही.

बरीचशी चित्रं मुलांनी डोळ्यांनी पाहून काढलेली नव्हती, कानांनी ऐकून काढलेली होती. आपण ‘व्यसनाचा विळखा’ म्हणतो. विळखा म्हटला की साप आलाच. ‘जाळ्यात सापडला’ म्हटलं की कोळ्याचं जाळं, ‘गर्तेत गेला’ म्हटलं की खोल काळा खड्डा. ‘व्यसनाच्या आहारी गेला’ यात तर माणूस सरळ कुणाचा तरी घासच होतो. वर्तमानपत्रांचे मथळे, भाषणं, घरातली बोलणी, सगळीकडे हेच शब्द, आणि मुलं त्यांना प्रामाणिकपणे रंग देतात. या सगळ्या वाक्प्रचारांत माणसाला हात नाहीत. जे काही होतं ते त्याला होतं; तो स्वतः काहीच करत नाही. बेड्यांच्या चित्रात हात होते, पण बांधलेले.

आपल्या भाषेत दुसऱ्या बाजूचे शब्दही आहेत. ‘त्याची दारू सुटली’ आणि ‘त्याने दारू सोडली’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सुटली म्हणताना गाठ आपोआप सैल झाल्यासारखी वाटते. सोडली म्हणताना सोडणारा हात दिसतो. सतरंजीवरच्या त्या ढिगात ‘सोडली’चं एकही चित्र नव्हतं.

नशेविरुद्धच्या चित्रांची परंपरा जुनी आहे आणि तिच्या उगमाजवळ एक फार मोठं चित्र उभं आहे. १७५१ साली लंडनमध्ये विल्यम होगार्थने ‘जिन लेन’ नावाचं मुद्राचित्र छापलं. स्वस्त जिनने तेव्हा लंडनच्या गरीब वस्त्या पोखरल्या होत्या. चित्राच्या मध्यभागी दगडी पायऱ्यांवर एक बाई बसली आहे. पायांवर व्रण, कपडे अस्ताव्यस्त, तपकिरीची चिमूट घेण्यात ती दंग आहे आणि तिच्या कुशीतून तान्हं मूल कठड्यापलीकडे खाली पडतं आहे. तिच्या लक्षातही आलेलं नाही. खालच्या बाजूला एक माणूस, जिवंत असूनही हाडांचा सापळा झालेला. आपल्या पोस्टरांवरच्या सापळ्याचा हा पणजोबाच म्हणायचा.

पण चित्राच्या डाव्या बाजूला बघा. तिथे गहाणवट घेणाऱ्या सावकाराचं दुकान आहे. एक सुतार आपली करवत गहाण ठेवतो आहे, एक बाई घरातली भांडी घेऊन आली आहे. म्हणजे उद्याचं काम आणि आजची चूल, दोन्ही त्या दारात गेली. मागे घरं ढासळताहेत. सावकाराचं दुकान मात्र ठणठणीत उभं आहे. सोबतच्या ‘बिअर स्ट्रीट’ या जोडचित्रात उलटा प्रकार आहे: सगळे खाऊनपिऊन सुखी आणि मोडकळीला आलंय ते फक्त सावकाराचं घर. बिअरची ती तरफदारी आज पटण्यासारखी नाही. पण होगार्थला हे नेमकं दिसलं होतं, की पिणाऱ्याच्या शेजारी विकणारा असतो आणि त्याच्याही शेजारी त्या पिण्यावर जगणारा तिसरा कुणी असतो. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने जिनच्या विक्रीवर बंधनं घालणारा कायदा केला. तो काही केवळ एका चित्रामुळे झाला नाही, पण त्या चित्राने बोट दाखवलं होतं ते दुकानाकडे. पुढच्या काळातल्या पोस्टरांनी होगार्थचा सापळा उचलला आणि दुकान मागेच ठेवलं. माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते.

विसाव्या शतकातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं. १९८७ साली ‘पार्टनरशिप फॉर अ ड्रग-फ्री अमेरिका’ या संस्थेने एक छोटी जाहिरात काढली. एक माणूस अंडं दाखवून सांगतो की हा तुमचा मेंदू. मग तापलेला तवा, म्हणजे ड्रग्ज. अंडं तव्यात फुटतं, चरचरतं, आणि हा ड्रग्ज घेतलेला मेंदू. प्रतीक म्हणून हे विलक्षण आहे. अंड्याचं कवच कवटीसारखंच, आतला ऐवज तितकाच नाजूक, आणि तळलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही हे पोरासोरांनाही कळतं. एक शब्दही न वाचता अर्थ पोचतो. त्या पिढीतल्या अमेरिकनांना ते अंडं अजून आठवतं.

एखादी प्रतिमा आठवणं वेगळं आणि तिच्यामुळे वागणं बदलणं वेगळं. अंड्यात एक मोठी अडचण होती: ते सगळ्या ‘ड्रग्ज’ना एकाच तव्यावर टाकत होतं. ज्या मुलाने मित्राला गांजा ओढताना पाहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो मित्र नेहमीसारखा वर्गात बसलेलाही पाहिला होता, त्याला वाटलं, हे लोक खोटं बोलतात. एकदा तसं वाटलं की हेरॉइनबद्दल सांगितलेलं खरंही त्याच खात्यात जमा होतं. चित्राने एका गोष्टीत अतिशयोक्ती केली की तिची किंमत दुसऱ्या गोष्टीला मोजावी लागते.

१९९८ ते २००४ या काळात अमेरिकी सरकारने तरुणांसाठी सुमारे एक अब्ज डॉलर खर्चाची प्रचारमोहीम चालवली. तिचं मूल्यमापन २००८ साली प्रसिद्ध झालं. मोहिमेमुळे मुलांचा गांजा कमी झाला असं त्यात दिसलं नाही. उलट, ज्यांनी जाहिराती जास्त पाहिल्या त्यांच्यातल्या काहींचा, आपल्या वयाची पुष्कळ मुलं गांजा ओढतात, असा समज झाल्याची चिन्हं दिसली. याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. एखादी गोष्ट करू नका असं सरकार रात्रंदिवस सांगत असेल, तर ती पुष्कळजण करत असणार, हे मूल स्वतःच ताडतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी ‘सगळे करतात’ याच्याइतकं दुसरं काही ओढत नाही.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात रॉबर्ट चाल्दिनी या मानसशास्त्रज्ञाने हेच अगदी साध्या प्रयोगात दाखवलं. पर्यटक तिथल्या अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. ‘आजवर पुष्कळ पर्यटकांनी तुकडे नेले आणि त्यामुळे वन बदललं’ अशा अर्थाची पाटी लावली तेव्हा मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के चोरीला गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळ हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी होतं. आपल्याकडे ‘तरुणाई नशेच्या विळख्यात’ असं मोठ्या अक्षरांत लिहून खाली रांगेने झिंगलेली मुलं काढतात, तेव्हा ती पहिल्या जातीची पाटी असते.

ब्रिटनची हकीकत याहून बोलकी आहे. १९८०च्या दशकाच्या मध्याला तिथे हेरॉइनची लाट आली आणि सरकारने ‘हेरॉइन तुमची वाट लावतं’ अशा अर्थाची मोहीम काढली. पोस्टरवर एक तरुण होता: फिकट चेहरा, खोल गेलेले डोळे, विस्कटलेले केस, अंगावर उदास छाया. छायाचित्र उत्तमच होतं, आणि तीच गोष्ट बाधली. किशोरवयीन मुलींनी ती पोस्टर भिंतींवरून काढून नेऊन आपल्या खोल्यांत लावली, अशी हकीकत तेव्हापासून सांगितली जाते. मोठ्यांना ज्या चेहऱ्यात नाश दिसला, त्यात सोळा वर्षांच्या मुलीला एखाद्या रॉक गायकाचं दुःखी सौंदर्य दिसलं. चित्र काढणारा आणि चित्र बघणारा यांचे डोळे एक नसतात, आणि पोस्टर मंजूर करणारे डोळे बहुतेक वेळा पंचेचाळिशीच्या पुढचे असतात.

त्याच सुमाराला मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर शिरली होती. आपल्याकडे तिचं नाव ‘गर्द’. लेखक अनिल अवचटांनी त्या नावाने लिहिलं ते कुठलीही कवटी न काढता. व्यसनात अडकलेल्या मुलांजवळ बसून, त्यांचं ऐकून. त्यातूनच १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. पोस्टरविषयी बोलताना मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण जवळ बसलेल्या माणसाला त्या मुलाचे हात दिसतात. लांबून फक्त साप दिसतो.

जवळून बघणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पोस्टरवर सिरिंज, पांढरी पूड, चांदीच्या कागदावरचा धूर काढणं निरोगी माणसाला भय घालतं, पण सोडण्याच्या प्रयत्नात असलेल्याला त्याचीच तलफ आणू शकतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली कोकेनच्या रुग्णांना अशी चित्रं अवघी ३३ मिलिसेकंद दाखवली. काय पाहिलं हे कळण्याइतकाही तो वेळ नाही. तरी त्यांच्या मेंदूतले ओढीशी जोडलेले भाग जागे झाले. तेव्हा बसस्टॉपवर हातभर उंचीची सिरिंज रंगवताना, त्या बसस्टॉपवर कोण उभं राहणार आहे हे विचारायलाच हवं.

आता आपल्या खिशातल्या, सगळ्यांत छोट्या पोस्टरकडे येते. तंबाखूच्या पुडीवरचं चित्र. भारतात ही सचित्र सूचना ३१ मे २००९पासून आली. सिगारेट-बिडीवर फुप्फुसांचं चित्र होतं, आणि चघळायच्या तंबाखूवर होता विंचू. विंचू म्हणजे विष, असा विचार. पण आपल्याकडे पुड्यांवर वाघ, उंट, पोपट, घोडा असे छाप पिढ्यान्‌पिढ्या छापले जातात. अक्षरओळख नसलेला माणूस दुकानात छापाच्या नावानेच माल मागतो. अशा बाजारात विंचू काढला तर तो धोका आहे की नवा छाप, हे ग्राहकाने कसं ओळखायचं? विंचवाचा तोंडाशी, गालफडाशी, गिळण्याशी काही संबंध लागत नव्हता. २०११च्या डिसेंबरमध्ये विंचू गेला आणि तोंडाच्या कर्करोगाची खरी छायाचित्रं आली. सुरुवातीला सूचना पाकिटाच्या फक्त दर्शनी बाजूवर, ४० टक्के जागेत होती. १ एप्रिल २०१६पासून ती दोन्ही बाजूंना ८५ टक्के झाली. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत चघळायचा तंबाखू खाणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांनी सांगितलं, की सूचना पाहून सोडायचा विचार मनात आला. २००९-१०मध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास होतं. वाढीचं सगळं श्रेय चित्राला देता येणार नाही, पण विंचवापेक्षा खरं गालफड जास्त बोलतं, हे मानायला हरकत नसावी.

प्रतीक चालतं ते बघणाऱ्याच्या मनात आधीपासून जे आहे त्याच्या जोरावर, हे आपल्या जिन्यांचे कोपरे रोज दाखवतात. थुंकू नये म्हणून सरकारी कचेऱ्यांच्या आणि चाळींच्या जिन्यांत देवादिकांच्या टाइल्स बसवतात. टाइलवर कोणी थुंकत नाही. पिंक पडते ती वीतभर बाजूला. श्रद्धेने तेवढी एक चौकट राखली, सवय तिथल्या तिथेच राहिली. भीतीच्या चित्राचंही बरेचदा असंच होतं. चित्रपटगृहात दिवे मालवले की तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या चोवीस वर्षांच्या तरुणाची जाहिरात पूर्वी लागत असे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा घशाखाली पॉपकॉर्न उतरला नव्हता. पुढे पोरं त्या आवाजाची नक्कल करायला लागली. मला त्या पोरांचा राग येत नाही. सहन न होणारं आणि ज्यावर काही करता येत नाही असं काही समोर आलं, की माणूस एक तर मान वळवतो, नाही तर हसतो.

‘ज्यावर काही करता येत नाही’ हीच खरी मेख आहे. १९६५ साली हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली. काहींत भयानक वर्णनं आणि छायाचित्रं, काहींत सौम्य मजकूर. भयानक पत्रक वाचलेले जास्त घाबरले, लस घ्यायला हवी असंही जास्त म्हणाले. प्रत्यक्षात लस टोचून घेणारे मात्र ३ टक्क्यांच्या आसपास. मग काही पत्रकांत आवारातल्या दवाखान्याचा नकाशा घातला आणि आपल्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते बघा असं सुचवलं. लस घेणारे २८ टक्क्यांवर गेले. ते शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते, दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीपासून माहीत असणार. तरी नकाशाने फरक पडला, कारण भीती वाटल्यावर पाय कुठे वळवायचे ते त्याने सांगितलं. भीती थोडी असो की फार, लस घेण्यात त्याने मोठा फरक पडला नाही; पण नकाशा थोडं घाबरलेल्यांनाही कामी आला आणि फार घाबरलेल्यांनाही.

आपल्या पोस्टरांवर हा नकाशा कुठे असतो? तंबाखूच्या पुड्यांवर २०१८च्या सप्टेंबरपासून १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठी मदतीचा क्रमांक छापला जातो. दारू आणि अमली पदार्थांसाठी केंद्र सरकारचा १४४४६ आहे. पण गावोगावच्या फ्लेक्सवर कवटी अर्धा फ्लेक्स व्यापते, उरलेल्यात मान्यवरांचे फोटो, आणि क्रमांक असलाच तर तळाला, मुद्रकाच्या नावाएवढ्या अक्षरांत. रात्री अकरा वाजता, हात थरथरत असताना, कुणाची बायको किंवा आई तो वाचू शकेल का? माझ्या मते फ्लेक्स असा असावा, की रस्त्याच्या पलीकडून फक्त क्रमांक वाचता यावा आणि त्याखाली लिहिलेलं असावं, फोन केल्यावर कोण बोलेल, किती वाजेपर्यंत बोलेल, आणि नाव सांगावं लागेल की नाही.

आता त्या सभागृहातलं एक चित्र सांगायचं राहिलं आहे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी होतं. काढणारी मुलगी सातवीतली. काळा रंग नाही, कवटी नाही, घोषवाक्यही नाही. एक पानटपरी. वरून पुड्यांच्या माळा लोंबताहेत. काचेच्या बरण्या, सुपारीचा डबा. टपरीची फळी चित्राच्या बरोबर मध्यावर आडवी, आणि तिच्यामागे टपरीवाल्याचा चेहरा नाहीच. दिसतात फक्त त्याचे दोन हात. प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना एकत्र करून मावा घोटणारे. खालून एक छोटा हात वर आलेला, मुठीत चुरगळलेली नोट.

चेहरा का नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही. चित्र अर्धवट राहिलं असं वाटलं. आम्ही तिघा परीक्षकांनी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, ‘संदेश स्पष्ट नाही’ असा शेरा मारून. पहिलं बक्षीस धुराच्या फासाला गेलं. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं: त्या उंचीच्या मुलीला टपरीवाल्याचा चेहरा दिसतच नाही. फळीच्या कडेवरून तिला हातच दिसतात. तिने जे जिथून दिसतं ते तिथून काढलं होतं. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायलाही आहे, आणि तरी बाबांसाठी किंवा आजोबांसाठी पुडी आणायला मुलांनाच पिटाळतात. होगार्थच्या चित्रातलं ते दुकान, अडीचशेहून अधिक वर्षांनी, एका ड्रॉइंग शीटवर परत आलं होतं.

आणि तिने मावाच काढला होता, कंपनीची पुडी नाही. मावा टपरीवर समोर घोटून देतात, साध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर रबर लावून. ८५ टक्क्यांचं चित्र, मदतीचा क्रमांक, लाल अक्षरं, सगळं कारखान्यातल्या वेष्टनावर असतं आणि ते टपरीवाल्याच्या डब्यातच राहतं. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातीही ते कधी येत नव्हतं; म्हणून तर २०२० साली महाराष्ट्राने सुट्या विक्रीवर बंदी घातली. ती मुलगी टाचा उंचावून जी पुडी घेते आणि मुठीत धरून घरी नेते, तिच्यावर कसलंच चित्र नसतं.